डावीकडचा काटा

आंबा घाटात गाडी बंद पडली आणि गाडीत आंबाच भरलेला होता. यावर घरच्यांनी केलेले विनोद इथे देत नाही, पाच महिने ऐकून झालेत.

मे महिन्याचा दुसरा आठवडा. पावसहून निघायलाच उशीर झालेला, कारण कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाने आदल्या रात्री दोन पेट्या वाढवून मागितल्या. मागची सीट पाडून नऊ पेट्या हापूस, पुढे माझ्या शेजारी कोकमाच्या आगळाचे कॅन आणि आमसुलांची पिशवी. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा, सगळं नीट पार पडलं. घाट चढायला लागले. दुसरा गिअर, एसी चालू, पुढे एक ट्रक रांगतोय. आणि गाडी गेली.

गेली म्हणजे कशी, तेच सांगायचं आहे. पेट्रोल संपत आलं की गाडी आधी आचके देते, ओढायचं सोडते, आपल्याला कळतं की काहीतरी बिनसलंय. ही तशी नाही गेली. खोलीतून बाहेर पडताना दिव्याचं बटण दाबावं तशी गेली. मी सवयीने क्लच दाबला, मीटरवर लाल दिवे लागले आणि गाडी मागे सरकायला लागली.

पहिल्यांदा ब्रेक नेहमीसारखा लागला. घाबरून पाय उचलला, पुन्हा दाबला, तर जरा घट्ट. तिसऱ्यांदा पायाखाली जणू दगड. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो. इंजिन थांबलं की आत साठलेल्या ओढीवर तो जेमतेम दोन-तीन वेळा साथ देतो, मग सगळं बळ आपल्या मांडीचं. ब्रेक गेलेला नसतो, पण ते त्या क्षणी कोणाला सुचणार? पाय एकदा रोवला की रोवूनच ठेवायचा, उचलून उचलून मारायचा नाही, हे मी त्या दिवशी शिकले. स्टिअरिंगही एकदम जड होतं. आणि गाडी हलत असताना चावी पार मागे फिरवून काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंग तिथल्या तिथे अडकतं. हँडब्रेक ओढला. मागून येणाऱ्या टेंपोच्या क्लीनरने उतरून चाकाला दगड लावला आणि 'काकू, पेट्रोल बघा' असं म्हणून निघून गेला.

पंचवीस मिनिटं सेल्फ मारत बसले. सेल्फ जोरात फिरतोय, बॅटरी ठणठणीत, पण इंजिन पकडत नाही. मग एकदा चावी फिरवली आणि गाडी अशी चालू झाली की जणू मध्ये काही झालंच नाही. तशीच कोल्हापूर गाठलं. परतताना एकदाही कुरकुर नाही.

गाडी २०१२ ची, पेट्रोलवरची, लाखावर किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव विचारू नका. तेरा वर्षं वापरून झाल्यावर कंपनीला काय बोलणार!

आमच्याकडे गाडी बंद पडली की पहिलं निदान ठरलेलं: पेट्रोलात पाणी. रिक्षावाल्यापासून भटजींपर्यंत सगळ्यांचं एकमत. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्यामुळे या निदानाला शास्त्राचाही टेकू मिळालाय. तो अगदीच खोटा नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं, टाकीच्या तळाला बसतं, आणि पंप नेमका तळातून ओढतो. माझा भाचा रत्नागिरीला कॉलेजात शिकतो. त्याने माझं आगळ मोजायचं शंभर मिलिलिटरचं नळकांडं घेतलं, त्यात ९० पेट्रोल आणि १० पाणी घालून हलवलं, आणि पडवीत ठेवून दिलं. खालचा थर दहावर राहायच्या ऐवजी सत्तावीस-अठ्ठावीसच्या खुणेवर. 'मावशी, चोर आहे तो पंपवाला, सतरा टक्के पाणी घातलंय!' पोरगा मोटरसायकल काढून भांडायलाच निघाला होता. नशीब, शेजारच्या रसायनशास्त्राच्या निवृत्त मास्तरांनी अडवला. पाण्यात उतरलं होतं ते पेट्रोलातलं इथेनॉल. ते तिथे असायलाच हवं. पेट्रोलात मुळातच पाणी आहे का हे बघायचं तर वरून पाणी घालायचंच नाही. काचेच्या बाटलीत नुसतं पेट्रोल रात्रभर ठेवायचं आणि तळाला थर दिसतो का बघायचं. ठेवलं. थर नव्हता. नळकांडं मात्र आगळाच्या कामातून गेलं, त्याचे पैसे भाच्याकडून अजून यायचे आहेत.

दुसऱ्यांदा बंद पडली ती रत्नागिरीत भर बाजारात, दुपारी अडीचला. टोचन करून जवळच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मुलाने कान देऊन ऐकलं, सेल्फ मारला, मागची सीट उचलून पंपावर हात ठेवला आणि म्हणाला, 'पंप गेला, वयनी. सेल्फ मारताना अजिबात फिरत नाय.' पंप बदलला. मजुरी धरून ५,२०० रुपये. संध्याकाळी साडेसहाला गाडी एका चावीत चालू. मी खूश, मुलगा खूश.

चार दिवसांनी गोळपला पुन्हा बंद.

मला राग पंप बदलल्याचा नाही, राग आहे तो करंट तपासायचा मल्टिमीटर न लावल्याचा. पंप फिरत नाही याची कारणं दोन. एक, पंप मेला. दोन, पंपाला करंटच पोचत नाही. दोन वायरींना मीटर लावला असता तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. आणि एक खूण तर मीटरशिवायही कळते, ती मला खूप नंतर समजली. चावी 'ऑन' केली की सेल्फ मारायच्या आधी मागून दोन सेकंद बारीक घरघर ऐकू येते. पंप दाब तयार करून ठेवत असतो. ती घरघर येत असेल तर पंप जिवंत आहे आणि त्याला करंट जोडणारा रिलेही. माझ्या गाडीत ती प्रत्येक वेळी येत होती. घाटातही आली असणार, पण मी तेव्हा रामाचा धावा करत होते. संध्याकाळी गाडी चालू झाली ती नव्या पंपामुळे नव्हे. मधल्या चार तासांत ती गार झाली होती, म्हणून. जुना पंप मी मागून आणला आणि पुढे एकदा बॅटरीला लावून बघितला. सुरळीत फिरतो.

गोळपनंतर मी वही केली. उधारीची वही असते ना, तिच्याच मागच्या पानांवर. तारीख, जागा, किती वेळ चालवली, एसी होता का, चढ की सपाटी, किती मिनिटांनी चालू झाली. गॅरेजवाल्याची अडचण मला या वहीमुळे कळली. त्याच्या समोर गाडी कधी बंद पडतच नाही. ती बंद पडते माझ्यासमोर, आणि त्याला मी काय सांगते? 'बंद पडते हो मधेच.' तापाच्या पेशंटने डॉक्टरला एवढंच सांगितलं तर डॉक्टर काय देणार, क्रोसिन. तसा मला पंप मिळाला.

मग जो तो आपापलं औषध देत गेला. एकाने बॅटरीचे टर्मिनल साफ केले. इंजिन आणि बॉडीच्या मधली अर्थिंगची पट्टी खरंच गंजून हिरवी पडली होती. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गाडी उभी असते, आमच्याकडे दाराच्या कड्याही वर्षाला बदलाव्या लागतात. नवी पट्टी ३५० रुपयांना, आणि ते पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याने माझा चावीचा जुडगा हातात घेऊन तोलला. त्यात गाडीची चावी, पाहुण्यांच्या तीन खोल्या, कोठार, तिजोरी, पंपघर. म्हणाला, एवढं वजन लोंबकळलं की आतलं स्विच झिजतं आणि खड्ड्यात दणका बसला की करंट तुटतो. हेही खरं आहे, काही गाड्या अशाच बंद पडतात. पण तसं असतं तर बंद पडल्यावर मीटर, पंखा, रेडिओ यातलं काहीतरी सोबत गेलं असतं. माझा रेडिओ शांतपणे बातम्या देत राहायचा. तरी मी गाडीची चावी सुटी केली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घर सापडलं. नारळाचा काथ्या, सुपारीची सालं, पाहुण्यांच्या खोलीतला टिश्यू पेपर, अगदी व्यवस्थित संसार. शेजारची एक वायर कुरतडलेली. हेच ते! वायर जोडली, टेप गुंडाळली, डब्यात डांबरगोळ्या टाकल्या. आणि गाडी बंद पडायची थांबली. जून गेला, जुलै गेला, श्रावण आला. मी येईल त्याला उंदराची गोष्ट सांगायचे. त्याच आठवड्यात पाऊसही सुरू झाला होता, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

गणपतीत हातखंब्याला मुंबईकरांच्या गाड्यांच्या रांगेत अडकलो. ऊन पडलेलं, एसी पूर्ण, पाऊण तासात अर्धा किलोमीटर. बंद. मागून हॉर्न. सोबत भाचा होता, त्याने खिशातून ब्लूटूथचा छोटा स्कॅनर काढून स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचला आणि मोबाइल बघून जाहीर केलं, 'एकही कोड नाही, मावशी. गाडीत काही दोष नाही.' दोष नसलेली गाडी आम्ही दोघांनी ढकलून कडेला लावली. उंदराची निर्दोष मुक्तता झाली, पण त्याचं घर आम्ही आधीच मोडलं होतं.

आता सासूबाईंकडे येते.

सासूबाई एकोणऐंशीच्या. गाडीत नेहमी पुढे बसतात आणि नजर रस्त्यावर नसते, मीटरवर असते. गेली कित्येक वर्षं मला एकच सूचना: 'तीनाच्या पुढे नको हं.' मला वाटायचं, चौथा गिअर टाकू नको म्हणतात. मी हो म्हणायचे आणि टाकायचे. त्या काही बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, विसरल्या.

नवरात्रात त्यांना आडिवऱ्याला महाकालीच्या दर्शनाला नेलं. परतताना घरी न थांबता तशीच रत्नागिरीला निघाले, कारण त्यांची कवळी टोचत होती आणि दंतवैद्यांनी चारची वेळ दिली होती. ऑक्टोबरचं ऊन. गोळपच्या सड्यावरून खाली भाट्याकडे उतरत होतो, तिसरा गिअर, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला. सासूबाई एकदम म्हणाल्या, 'अगं, थांबलीस का?'

'नाही, उतारावर आहोत ना.'

'मग हा काटा शून्यावर कसा? झाडं तर मागे पळतायत.'

मी बघितलं. आमच्या मीटरमध्ये दोन गोल आहेत. उजवीकडचा वेगाचा, तो त्यांच्या जागेवरून स्टिअरिंगच्या आड जातो. डावीकडचा आरपीएमचा, शून्य ते आठ. त्यांच्या हिशेबात तीन म्हणजे तीसचा स्पीड. इतकी वर्षं त्या इंजिनाचे फेरे मोजत होत्या! आणि आता तो काटा शून्यावर पडलेला होता, गाडी चाळीसने उतरत होती, आणि मला काहीच जाणवलं नव्हतं. लाल दिवा एकही नाही. पुलाच्या तोंडाशी येऊन ॲक्सिलरेटर दाबला तर काही नाही. क्लच दाबला तेव्हा दिवे लागले.

मी त्यांच्यावर वैतागलेच आधी. कवळीची वेळ चुकणार होती.

भाच्याला फोन केला. तो येताना मिरकरवाड्यातल्या एका वायरमनकाकांना घेऊन आला. ते मुख्यतः मच्छीमार बोटींचं वायरिंग करतात, गाड्या सवडीने. काकांनी बोनेट उघडायच्या आधी मला काय झालं ते विचारलं. मी वही काढून वाचायला लागले: गाडी सात वेळा बंद पडली, दर वेळी चाळीस मिनिटांच्या वर चालल्यावर, सकाळी गार असताना कधीच नाही, पावसाळी हवेत नाही, आणि चालू व्हायला अठरा ते तीस मिनिटं. काका मान हलवत होते. मग सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, 'आधी काटा पडला. गाडी पळत होती.'

काका थांबले. 'गिअरमधे होती का?'

'तिसऱ्या,' मी म्हटलं.

'मग क्रँकचा सेन्सर. बाकी काय बघायचं नाय.'

त्यांनी तिथेच कठड्याला टेकून समजावलं ते माझ्या भाषेत असं. गाडी गिअरमध्ये असेल आणि क्लच दाबलेला नसेल तर इंजिन पेटत नसलं तरी चाकं त्याला फिरवत असतात. ऑइलचा पंप फिरतो, डायनॅमो फिरतो, म्हणून लाल दिवे लागत नाहीत. इंजिन फिरतंय तर आरपीएमचा काटाही हलायला हवा. तो शून्यावर असेल तर गाडीच्या कॉम्प्युटरला इंजिन फिरतंय हे दिसतच नाही. ते बघायचं काम क्रँकच्या सेन्सरचं. क्रँकबरोबर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याबरोबर, एक दातेरी चक्र फिरतं. पुष्कळ गाड्यांत त्यावर साठ दात्यांची आखणी असते आणि दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. सेन्सरसमोरून दाता गेला की एक ठोका. गाळलेली जागा आली की कॉम्प्युटरला कळतं, फेरा कुठवर आला. ठिणगी कधी आणि पेट्रोल कधी, सगळं त्या ठोक्यांवर. ठोके बंद झाले की कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन थांबलेलं असतं. मग तो ठिणगी तोडतो, इंजेक्टर बंद करतो आणि पेट्रोलचा पंपही थांबवतो, म्हणजे अपघात झाला तर पेट्रोल वाहत राहू नये. बाजारातल्या त्या दुपारी सेल्फ मारताना पंप का फिरला नव्हता, ते मला भाट्याच्या पुलावर कळलं.

मी गेले पाच महिने हे का पाहिलं नाही? कारण बंद पडली की मी लगेच क्लच दाबायचे. क्लच दाबला की इंजिन खरंच थांबतं आणि काटा शून्यावर जाणारच. पुरावा मीच पुसत होते.

'कोड का नाही आला मग?' भाच्याने विचारलं. त्याचा स्कॅनर पणाला लागला होता. काका म्हणाले, कोड सोड, चालू आकडे दाखवणारं पान उघड आणि आरपीएम बघ. मी सेल्फ मारला. इंजिन घरघर फिरतंय आणि मोबाइलवर आरपीएम शून्य. काही गाड्या अशा वेळी पी ०३३५ हा कोड देतात, पण आमच्या कॉम्प्युटरला सेन्सर गप्प आणि इंजिन उभं यातला फरक कळत नसावा, हे काकांचं मत. उभ्या इंजिनाचा कोड तो कशाला देईल?

मग त्यांनी फडकं ओलं करून खाली हात घातला आणि गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेल्या सेन्सरवर धरलं. पुन्हा भिजवलं, पुन्हा धरलं. नुसतं पाणी ओतत नाहीत, शेजारी तापलेला सायलेन्सर असतो. चार-पाच मिनिटांत गाडी चालू. वहीतला सगळ्यात कमी आकडा अठरा होता.

नवा सेन्सर दुसऱ्या दिवशी मिळाला, ९५० रुपये. मजुरी तीनशे, ती काका घेत नव्हते, मी बळेच दिली आणि वर आमसुलं. जुना मात्र मी घरी आणून पडवीत त्याची परीक्षा घेतली, कारण पंपाच्या वेळी मी अशीच विश्वासाने पैसे देऊन आले होते. आमचा सेन्सर दोन वायरचा, आत तारेची गुंडाळी, म्हणून मल्टिमीटरवर त्याचे ओहम, म्हणजे तारेतला विजेचा अडथळा, मोजता येतात. तीन वायरचा हॉल इफेक्टवाला असता तर असा मोजता आला नसता. गार असताना ८९०. पाहुण्यांच्या खोलीतला हेअर ड्रायर आणला आणि लांबून वारा द्यायला लागले. ९२०, ९५०, ९९०, हळूहळू चढत गेला. तार तापली की एवढं वाढतंच. हजाराच्या पुढे जाता जाता आकडा गायब, 'ओ एल'. म्हणजे तार तुटलेली. आत कुठेतरी केसाएवढी फट असणार, तापून पसरली की उघडायची, निवली की मिटायची. ड्रायर बंद करून सुपारी कातरत बसले. थोड्या वेळाने मीटरवर पुन्हा ९१०. हा खेळ मी तीनदा केला. पाहुणे बाई ड्रायर मागायला आल्या तेव्हा थांबले.

सासूबाईंना मी दोन्ही काटे समजावून सांगितले. सांगायला नको होते. आता त्या पट्टा ताणून पुढे झुकतात आणि स्टिअरिंगच्या आडचाही बघतात. परवा नाणीजच्या सपाटीला म्हणाल्या, 'डावा तीनातच आहे, पण उजवा साठाच्या वर गेलाय.'